पिठाला लागलेला पाय

आई, तुझ्या नातीनं देवासात होटल काढलंय. तू असतीस तर आधी पदर तोंडाला लावला असतास आणि मग म्हणाली असतीस, "काहीतरीच तुमचं!" कारण होटल आहे जपानी जेवणाचं. पोहे-जिलबीचं नाही, कचोरीचंही नाही. उदोन मिळतो तिथे. उदोन म्हणजे शेवयाच समज, पण आपल्या केसासारख्या नव्हेत; पेन्सिलीहून जरा बारीक, लांबलचक, गुळगुळीत, वाफाळत्या पातळ रश्श्यात सोडलेल्या. रोज सकाळी ताज्या कापतात आणि त्या संपल्या की दुकान बंद, मग दारात कलेक्टर उभा राहिला तरी. रविवारी इंदूरहून लोक गाड्या काढून येतात. परवा एक कुटुंब सोनकच्छहून बसनं आलं होतं, आजीसकट. रिक्षावाल्यांना जपानी नाव काही बोलता येत नाही. ते मला विचारतात, "माँ साब, वो मोटी सेवई वाली होटल?" मी म्हणते, "हाँ भिया, वही." आणि मग त्यानं विचारलेलं नसतं तरी सांगते, "मेरी लड़की की है." हे सांगितल्याशिवाय मी रिक्षात बसतच नाही.

पण गोष्ट तिच्यापासून सुरू होत नाही, तुझ्यापासून होते. उन्हं तापायला लागली की धारच्या आपल्या स्वयंपाकघरातून तुझा पाट निघायचा. ओळखीपाळखीत कुणाकडेही लग्न निघालं की रुखवताच्या शेवया आणि गव्हले तुझ्याकडे, हे ठरलेलंच. अजून दिसतं मला. खाटेला टेकवून पाट तिरका लावलाय, वरच्या टोकाला तू बसली आहेस, तुझ्या तळहाताखालून शेवई सुटत खाली येतेय आणि शेजारच्या काकू ती काठीवर झेलतायत. बाजूला धुतलेल्या पातळावर गव्हले वाळतायत, एकेक चिमटीत वळलेला, गव्हाच्या दाण्याएवढा. तू कणकेचा गोळा बोटानं दाबतेस आणि पुटपुटतेस, "मीठ कमी पडलं गं, ऊन कडक आहे आज." लग्नात त्या शेवया मांडल्या जायच्या तेव्हा त्यांवर चिठ्ठी असायची नवरीच्या नावाची. जिला धड चपाती लाटता येत नव्हती तिच्या नावानं तुझ्या शेवया लोक वाखाणायचे, आणि तू मागच्या ओळीत बसून हसायचीस. तुला राग यायचा नाही. मला यायचा, तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याच स्वयंपाकघरात एकदा मी शाळेतून धावत आले आणि थेट गव्हल्यांत पाय दिला. नवरीची आई समोरच बसलेली. आता धपाटा बसणार म्हणून मी पाठ आवळून घेतली. तू उठलीसुद्धा नाहीस. म्हणालीस, "पाय काढ. आता हात लाव आणि नमस्कार कर." मी म्हटलं, "चुकून लागला गं आई." तू म्हणालीस, "चुकून लागला म्हणूनच नमस्कार. मुद्दाम लावला असतास तर कणकेऐवजी तुलाच तिंबलं असतं. अन्नाला पाय लागत नसतो आपल्या घरात." मी रडत रडत गव्हल्यांना हात लावून कपाळाला लावला. नवरीची आई पदराआड हसत होती. ते शेवटचं वाक्य मी जन्मभर बरोबर बाळगलं, सासरी देवासलाही घेऊन आले आणि लेकीला वरणभाताबरोबर भरवलं.

दुसरा तुझा कायदा भुरक्यांचा. कढी असो, आमटी असो, खीर असो, तोंडाचा आवाज आला की तुझे डोळे वर. "सरकारी पंगतीत बसलेलं घराणं आपलं, भुरके कसले मारता?" आजोबा संस्थानात कारकून होते. त्या सरकारी पंगतीत ते शेवटून कितव्या पानावर बसले होते ते देव जाणे, पण त्या एका जेवणापायी आम्ही भावंडं आयुष्यभर मुक्यानं जेवलो. इथे सासरी सगळे कढी दणक्यात ओरपतात. मी नवी नवी आले तेव्हा सासूबाईंना वाटलं, सुनेला कढी आवडत नाही.

तर तुझी नात इंजिनिअर झाली. कंपनीनं तिला शिकायला जपानला धाडलं. तिथे कारखान्याजवळ एका म्हाताऱ्याचं उदोनचं दुकान होतं. आधी ही तिथे जेवायला जायची, मग सुटीच्या दिवशी भांडी घासायला जाऊ लागली, आणि एक दिवस फोन आला की नोकरी सोडली, आता इथेच शिकणार. तुझ्या जावयांनी अबोला धरला. मी मात्र बोलले, मला कुठे गप्प बसता येतं! म्हटलं, "अगं, शेवयाच करायच्या होत्या तर धारला जायचं होतंस, जपान कशाला?" तर ही म्हणते कशी, "आई, धारला शिकवणारी कुठे राहिली?" मी फोन ठेवला आणि भाजी चिरायला बसले.

त्या म्हाताऱ्याला मी गुरुजीच म्हणते. त्यांनी तिला हातचं काही राखून न ठेवता शिकवलं, पण अट घातली. त्यांच्या रीतीतलं काडीचंही बदलायचं नाही. तिनं आपल्या गावी दुकान काढावं, मग ते स्वतः येतील, तिथल्या गव्हाचा उदोन खातील आणि पटलं तरच आपल्या दुकानाचं चिन्ह असलेला पडदा देतील. त्यांच्याकडे दुकानाच्या दारावर असा पडदा लावतात. गुरूनं तो दिला म्हणजे शिष्य त्या घराण्याचा झाला. आपल्याकडे गवई गंडा बांधतात ना, तसलंच काहीतरी. ते येईपर्यंत हिनं दारावर साधं निळं कापड लावलं होतं. येता-जाता त्या कापडाकडे बघायची. तोंडानं काही म्हणायची नाही, पण तो पडदा तिला किती हवा होता ते मला कळत होतं.

एक गोष्ट मात्र पोरीनं माझ्यापासून लपवली होती. दुकान सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. मी सकाळी लवकर गेले आणि आतल्या खोलीच्या दारात उभी राहिले, तर ही पांढरे मोजे घालून कणकेवर चालतेय! खाली चटई, त्यावर जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कणीक, आणि त्यावर माझी लेक पाय देतेय, टाच दाबतेय, गोल फिरतेय. बरोबर कन्नौदची एक बाई कामाला आहे, ती दुसऱ्या गोळ्यावर. आई, मला दरदरून घाम फुटला. मी ओरडलेच, "काय चाललंय हे?" ती शांतपणे म्हणाली, "तिंबतेय." "पायानं?" "उदोन असाच होतो आई. हाताचा जोर पुरत नाही. आणि कणीक झाली की नाही ते टाचेला कळतं." मी म्हटलं, "तुझी आजी असती ना, तर..." तिनं पाय थांबवला. "तर काय? बोल ना. आजी असती तर काय?"

मी तडक बाहेर जाऊन गल्ल्यावर बसले. दुपारी तिनं माझ्यासमोर वाडगा ठेवला तेव्हा म्हटलं, आज उपास आहे. "कसला?" "आहे एक." नंतरही मी रोज जायची, गल्ल्यावर बसायची, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची, लेकीची तारीफ ऐकून फुगायची, आणि जेवायच्या वेळी काहीतरी निमित्त काढून घरी पळायची. पोर काय दुधखुळी आहे? एक दिवस टेबल पुसता पुसता माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, सगळं देवास जेवून गेलं. तू एकटीच राहिलीस." 

घरी येऊन मी तुझ्याशीच भांडायला बसले. म्हटलं, तुझ्या एका वाक्यापायी मी लेकीच्या हातचं खाऊ शकत नाही, हा कुठला न्याय? त्या दिवसाची उजळणी करायला लागले, वकिलासारखी, सुरुवातीपासून. मी धावत आले, पाय पडला, नमस्कार केला, रडले. आणि पुढे? पुढचं मला कधी आठवलंच नव्हतं, कारण मी माझ्या रडण्यातच मश्गूल. त्या दिवशी पहिल्यांदा आठवलं. तू ते गव्हले सुपात गोळा केलेस, फुंकर मारलीस आणि परत त्याच पातळावर पसरलेस. टाकले नाहीस. नवरीची आईही काही म्हणाली नाही. लग्नात त्यांचीच खीर झाली. सगळ्यांनी खाल्ली, मीही खाल्ली. म्हणजे नमस्कार झाला आणि विषय संपला! अर्धंच वाक्य मी इतकी वर्षं डोक्यावर घेऊन नाचत होते.

दुसऱ्या दिवशी ती मोजे चढवत होती तेव्हाच गेले. म्हटलं, "थांब. आधी कणकेला हात लाव. नमस्कार कर. मग खुशाल पाय दे." ती बघतच राहिली. मग वाकली, कणकेला हात लावला, कपाळाला लावला आणि पाय ठेवला. कन्नौदच्या बाईनं तर सुटकेचा नि:श्वासच टाकला. "अच्छा किया माँ साब, मेरे को भी रोज पाँव धरते डर लगता था." त्या दिवशी मी पहिल्यांदा उदोन खाल्ला. आई, काय सांगू तुला! वरून रेशीम आणि आतून अंग धरलेला. चिवट नाही, गिळगिळीत नाही, दाताखाली क्षणभर थांबतो आणि मग तुटतो. पिठात काय, तर आपल्या माळव्याचा गहू, मीठ आणि पाणी. मिठाचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं, उन्हाळ्यात जास्त, थंडीत कमी. हे ती मला मोठ्या नवलानं सांगत होती आणि मी वाडग्यात तोंड खुपसून हसत होते. आपल्यासाठी रस्साही शाकाहारी करते, समुद्रातली वाळवलेली पानं भिजवून. मी सगळं संपवलं, अर्थात मुक्यानं.

तेव्हापासून तिथे रोज कणकेला नमस्कार होतो. मग तिनं त्या खोलीला काचही बसवून घेतली, गिऱ्हाइकांना सगळं दिसतं. लोक मोबाइलवर टिपून घेतात. इंदूरचे एक गृहस्थ बायकोला समजावत होते, "देखो, जापान में अन्न का कितना सम्मान है." मी गल्ल्यावर जीभ चावून बसले होते. धारचं आहे हो ते, धारचं!

मग गुरुजी येणार असं कळलं आणि माझं धाबं दणाणलं. काडीचंही बदलायचं नाही अशी अट, आणि मी तर त्यांच्या रीतीत आपला नमस्कार घुसवून ठेवलेला. हातातोंडाशी आलेला पडदा माझ्यापायी गेला तर? मी लेकीला म्हटलं, "त्या दिवशी नको करूस नमस्कार. एका दिवसानं काही बिघडत नाही. आजीला मी समजावते." ती म्हणाली, "बघते." तुझ्यासारखं, एका शब्दात. मी रात्रभर कूस बदलत राहिले.

गुरुजी आले. एवढासा माणूस, पण पाठ अशी ताठ की आमचे हेडमास्तर बरे. आल्या आल्या त्यांनी गव्हाचा दाणा दातानं फोडून पाहिला, पीठ चिमटीत चोळलं, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग तिंबायच्या खोलीत उभे राहिले, हात मागे बांधून. लेकीनं पाय धुतले, मोजे घातले. कणीक समोर. ती क्षणभर थांबली आणि मी मनात म्हटलं, नको गं, आज नको. ती वाकली. कणकेला हात लावला, कपाळाला लावला आणि मग पाय ठेवला. मागोमाग कन्नौदच्या बाईनंही तेच केलं.

गुरुजींनी काहीतरी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण कन्नौदच्या बाईचा पाय जागच्या जागी थांबला. लेक कणकेवरून खाली उतरली आणि सरळ उभी राहून उत्तर दिलं. त्यातला मला एकच शब्द कळला. धार. नंतर तिनं सांगितलं, त्यांनी विचारलं होतं, हे मी शिकवलेलं नाही, कुणाची रीत ही? आणि ती म्हणाली होती, माझ्या आजीची, धारची. आई, ऐकतेस ना? पडदा पणाला लावून पोरीनं तुझ्या रीतीवर तुझ्याच नावाची चिठ्ठी लावली. तुझ्या शेवया दुसऱ्यांच्या नावानं मिरवल्या त्या सगळ्या लग्नांचा माझा राग त्या एका शब्दात उतरला. अभिमानानं माझी छाती भरून आली.

गुरुजींनी एकदा कणकेकडे पाहिलं. मग त्यांनी पिशवीतून आपले मोजे काढले, वाकले, कणकेला हात लावला आणि तो नेऊन नाकाला लावला. कपाळ थोडक्यात चुकलं. मग कणकेवर चढले आणि तिंबायला लागले. पडद्याचं अवाक्षर नाही. मग उदोन कापून झाला, शिजला.

जेवायला आम्ही सगळे एका टेबलाशी. गुरुजींनी पहिला भुरका मारला आणि मी दचकले. विहिरीवरचं इंजिन सुरू झाल्यासारखा आवाज. दुसरा, तिसरा. लेकही तशीच. तुझे जावई तर मुळातले कढीबहाद्दर, ते खुशीत सुटले. मी एकटी तुझी लेक, ओठ मिटून. गुरुजींचा हात थांबला. माझ्याकडे बघून त्यांनी लेकीला काहीतरी विचारलं. तिचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "आई, ते विचारतायत, तुझ्या आईला आवडलं नाही का?" "अगं, आवडलं की! सांग त्यांना." "सांगून नाही होत गं. तिथे आवाज करून खातात, तेव्हा ती दाद असते. मुक्यानं खाल्लं तर त्यांना वाटेल, घरच्यांनाच पसंत नाही. आई, प्लीज, एक भुरका मार." मी म्हटलं, "मी? या वयात?" "माझ्यासाठी." गुरुजी माझ्याकडे बघतायत, लेक माझ्याकडे बघतेय, कन्नौदची बाई झारा हातात धरून खिडकीतून बघतेय.

मी डोळे मिटले आणि मारला. असातसा नाही, लांब, चढत जाणारा, शेवटचं टोक ओठांतून सुटेपर्यंतचा. आणि वर आपोआप "हं" असा हुंकार निघाला. गुरुजी टेबलावर थाप मारून हसले. लेक तोंडावर हात घेऊन म्हणाली, "आई! हे कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "तुझ्या आजीकडून." सगळ्यांना ती थट्टा वाटली.

जेवण झाल्यावर गुरुजींनी पिशवीतून घडी काढली. गडद निळा पडदा, मधोमध पांढरं चिन्ह. लेकीला दोन्ही हातांनी दिला. काय म्हणाले ते ती रडत रडत सांगत होती म्हणून मला दोनदा विचारावं लागलं. म्हणाले, रीत माझी, नमस्कार तुमचा, दोन्ही राहू देत. तिनं स्टुलावर चढून दारावर पडदा लावला. बाहेर रिक्षा थांबलेली होती. मी तशीच रडक्या डोळ्यांनी बाहेर गेले आणि म्हटलं, "भिया, मेरी लड़की की है." तो म्हणाला, "पता है माँ साब, आपने सुबह ही बताया."

हे पत्र मी गल्ल्यावर बसून लिहितेय. पाकीट घेतलेलं नाही, तुझ्या गावाला टपाल जात नाही हे मला कळतं. पण एक कबूल करायचं आहे, ते कुठेतरी लिहायला हवं. ती थट्टा नव्हती. एका लग्नाच्या शेवया आटोपल्या होत्या, दुपारी सगळे झोपले होते आणि मी पाणी प्यायला आले. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. फटीतून दिसलं, तू भिंतीला पाठ लावून बसली होतीस, सगळ्यांच्या मागून जेवायला, आणि उरलेल्या शेवयांच्या खिरीची वाटी तोंडाला लावलेली. तेव्हा तू तो भुरका मारलास. लांब, चढत जाणारा. आणि मग डोळे मिटून "हं" म्हणालीस. मी तशीच तहानलेली परत फिरले. सरकारी पंगतीच्या घराण्याचं ते गुपित मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही, इतकी वर्षं. परवा देवासात भर जेवणात फोडलं. रागावू नकोस गं, पोरीचा पडदा अडला होता.